यादोरावांच्या गेटावरचा दिवा

यादोराव बत्तीस वर्षं वीज कार्यालयात होते, हे नाकाडोंगरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिथे ते फक्त आवक-जावक टपाल सांभाळायचे, हे त्यांची बायको चंद्रभागाबाई सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर मीटरपासून मोटारीपर्यंत गाव त्यांचाच सल्ला घेई. या मानाशिवाय यादोरावांना जेवण पचत नसे.

म्हणून लोखंडी गेटावर दिवा लावायचं ठरलं, तेव्हा वायरमन डोमाचं काही चाललं नाही.

"काकाजी, वायर पाइपातून नेऊ. जॉइंट पाणी न शिरणाऱ्या डब्यात घेऊ, अन् अर्थिंग देऊ."

"तू मले शिकवून राहिला का?"

"शिकवत नाही जी, पावसाचे दिवस..."

"बत्तीस वर्षं, डोमा!"

डोमा गेला. यादोरावांनी वायर सुतळीने गेटाच्या खांबाला बांधली, जॉइंटला चिकटपट्टी गुंडाळली आणि वरून युरियाच्या पोत्याचा तुकडा आवळला. दिवा लागला. यादोरावांनी स्वतःच टाळी वाजवली.

मग दोन दिवस पावसाची झड लागली. तिसऱ्या सकाळी दूधवाल्या मंगरूने गेटाला हात लावला आणि तो कॅनसकट चिखलात बसला.

"काकाजी, गेट करंट मारून राहिलं!"

जॉइंटात पाणी शिरलं, एवढं कबूल केलं असतं तर भागलं असतं. पण बत्तीस वर्षं आडवी आली.

"मारणारच! रानडुकरांसाठी मुद्दाम सोडला मी करंट."

डुकरं गेट उघडून येतात का, हे विचारायचं मंगरूला सुचलं नाही. चंद्रभागाबाईंनी आत जाऊन मेन स्विच पाडला. दुपारपर्यंत दोघे शेतकरी येऊन गेले. "आमच्या धानाच्या बांधीलेही असाच करंट लावून द्या जी!" यादोरावांची छाती फुगली.

चार वाजता वनरक्षक भुपेंद्र आला, तेव्हा ती फुगलेली छाती बसली. मागे सगळं गाव होतं, गेटापासून चार हात लांब.

"जनावरांसाठी करंट सोडणं गुन्हा आहे, काका. जेल होते."

"तसं नाही जी... ते पाणी शिरलं."

"कशात?"

"जॉइंटात."

"जॉइंट केला कोणी?"

यादोरावांनी आभाळाकडे पाहिलं. गर्दीतून पुढे येऊन डोमाने पोत्याचा तुकडा सोडला. त्यातून कपभर पाणी सांडलं आणि पाठोपाठ एक बेडूक उडी मारून निघाला.

भुपेंद्रने हसू दाबत जबाब लिहिला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, "मला विजेच्या कामातले काहीही समजत नाही. सदर जोडणी मी अज्ञानापोटी केली."

यादोरावांनी सही केली. साक्षीदार म्हणून चंद्रभागाबाई कोणी बोलवायच्या आतच पुढे झाल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात इतक्या आनंदाने त्यांनी कुठेच सही केली नव्हती.

"साहेब," पेन परत देत त्या म्हणाल्या, "याची एक झेरॉक्स मले द्या जी. घरात अजून गिझर लावायचा आहे."