मोठेसाहेबांच्या नावाने

छापखान्याच्या कोपऱ्यातला जुना सर्व्हर सकाळपासून खोकल्यासारखा आवाज करत होता.

"बाबा, आता तरी हा बदलू या," ती म्हणाली.

"खोकतोय म्हणून? मीही खोकतो. मलाही बदलणार?"

"पर्याय मिळाला असता तर केव्हाच बदललं असतं."

वडील मनापासून हसले, घरी आले, दोन घास खाऊन झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत.

छापखाना तिने हाती घेतला. महिन्याभराने नवा सर्व्हर आला, तोही नेमका घाईच्या दिवशी. औषध कंपनीची खोकी संध्याकाळपर्यंत गेली नाहीत, तर पुढचं सगळं काम दुसऱ्या छापखान्याकडे जाणार होतं. जुना सर्व्हर म्हणजे तिथला डोमेन कंट्रोलर. कोणाला आत घ्यायचं, कोणाला कुठली फाइल दाखवायची, कुठल्या यंत्राने कोणाचं ऐकायचं, सगळं तोच ठरवायचा. सर्व्हरवाल्याने सगळी नावं नव्यावर उतरवली, कारभार त्याच्याकडे सोपवला आणि जुन्याची केबल काढली. मग नावं चाळता चाळता थांबला.

"हे 'मोठेसाहेब' कोण?"

"वारले," हिशेब बघणाऱ्या काकू म्हणाल्या.

"मग काढून टाकतो. गेलेल्या माणसाचं खातं ठेवायचं नसतं."

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पण जरा वेळाने काकूंचा संगणक अडला, मग छपाईयंत्र. पाठोपाठ कटिंग मशीनवरचे मामा तणतणत आले. "मशीन म्हणतंय, या नावाची व्यक्ती अस्तित्वात नाही. अहो, मी हा उभा आहे ना ढळढळीत!"

"तुम्ही कोणाच्या नावाने चालवता?" सर्व्हरवाल्याने विचारलं.

"साहेबांच्या."

"आणि काकू, तुम्ही?"

"मीपण त्यांच्याच."

छपाईयंत्राचंही तेच निघालं. कोणाचं काही अडलं की वडील यायचे, स्वतःचं नाव-पासवर्ड टाकायचे आणि म्हणायचे, "घे, माझ्या नावाने चालव. डोकं नको खाऊ." असं करत करत अख्खा छापखाना एकाच माणसाच्या नावाने चालू लागला होता.

सर्व्हरवाला नोंदी बघून चक्रावला. "म्हणजे मागच्या आठवड्यात साहेबांनी एकाच वेळी पगार काढले, खोकी कापली आणि वर कागदही अडकवला?"

"कागद मी अडकवला," मामा म्हणाले. "नाव त्यांचं लागलं. फार बरं होतं हो."

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"जुन्याची केबल आधीच काढली होती, म्हणून वाचलो. त्याला अजून कळलेलं नाही."

"काय कळलेलं नाही?"

"साहेब गेल्याचं. त्याच्या लेखी ते अजून आहेत."

सगळे जुन्या सर्व्हरकडे बघायला लागले. आपण असं काय बोललो, हे सर्व्हरवाल्याला कळेना.

"मग आणा की त्यांना तिथून," काकू हळूच म्हणाल्या.

"आणतो. फक्त जुना परत जोडल्यावर नव्याने आधी तोंड उघडता कामा नये. नाहीतर त्याचं ऐकून जुनाही त्यांना पुसून मोकळा होईल."

तो टेबलाखाली शिरला. खटपटीत दुपार गेली. मग कटिंग मशीन धडधडलं आणि मामा ओरडले, "साहेब आले!" आणि लगेच खाली बघत खोकी मोजायला लागले. गाडी भरून वेळेत निघाली.

"आजचं भागलं," टेबलाखालून आवाज आला. "आता प्रत्येकाला स्वतःचं नाव देतो."

"नको!" मामा दचकले. "मग चुका माझ्या नावावर येतील!"

"माझ्यापण," काकू म्हणाल्या.

"मग टाकू कोणाच्या नावावर?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कोणी काहीही विचारलं की "जमतंय" म्हणायची तिला लहानपणापासूनची सवय. आताही तिने तेच म्हणायला तोंड उघडलं.

"बाबा, मला हे एकटीला जमत नाहीये," ती मोठ्याने म्हणाली.



"मला तरी कुठे जमतंय, मॅडम!" टेबलाखालून आवाज आला. "ही वायर धरता का जरा?"