महिपतच्या गाडीचं झाकण

एसटीने जायचं नाही, आपल्या गाडीनेच जायचं, असं महिपतने सकाळी ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. वैशाखरे गावी त्याच्या भाच्याचा, दीपेशचा साखरपुडा होता. साखरेचा पुडा आणि नवरीची साडी मामा म्हणून महिपतकडेच होती. मुहूर्त बाराचा. मामा पोचला नाही तर कार्य अडणार होतं. पण दसऱ्याला घेतलेली नवी गाडी पाहुण्यांनी बघायला नको? (गाडी तेरा वर्षांची होती. महिपतच्या घरात नवी.)

मुरबाडच्या पंपावर पोचेपर्यंत काटा लाल रेघेला टेकला. महिपतने सीटखालचा खटका ओढला. टक्कन आवाज आला, पण टाकीवरचं झाकण काही हललं नाही. पुन्हा ओढला. पुन्हा नुसतंच टक्.

पंपावरचा अनंता नळी धरून ताटकळला. "काका, झाकन उघडा ना."

"उघडतोय रे. टेक्निकल प्रॉब्लेम आहे."

मागच्या जीपवाल्याने झाकणावर बुक्की मारायला सांगितलं. महिपतने मारली आणि बराच वेळ हात झाडत राहिला. मग घराची किल्ली फटीत घातली, ती वाकली.

"आता घर पन उघडायचं नाय," बायको, शकू, म्हणाली. "मी काय म्हनते..."

"गाडीतलं तुला काय कळतंय गो? विकणाऱ्याने फसवलं आपल्याला. झाकण वेल्डिंग करून दिलंय मेल्याने!"

अकरा वाजले. महिपतला खरंच घाम फुटला. ज्या पोराला कडेवर खेळवलं, त्याच्याच कार्यात आपल्यामुळे खोळंबा होणार, या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात अनंताने वाकून बघितलं. "काका, मुंग्या आत चालल्यात. त्यांना उघडतंय, तुमालाच नाय."

"तेच सांगत होते मघापासून," शकू म्हणाली. "दसऱ्याला पूजेचा गूळ मी बॉनेटवर ठेवला होता. तर कोन म्हनलं, गाडी काय डोक्याने खाते? जिथनं पेट्रोल पिते तिथं नैवेद्य ठेव! आनि मूठभर गूळ आत कोंबून झाकन कोनी लावलं?"

महिपत अतिशय लक्ष देऊन टायरमधली हवा बघू लागला.

आठ दिवसांच्या उन्हात गूळ आत वितळून घट्ट बसला होता. शकूने टपरीवरून गरम पाण्याची किटली आणली, झाकणावर ओतली आणि हाताने झाकण दाबून धरत म्हणाली, "आता ओढा." महिपतने खटका ओढला. झाकण उघडलं.

बाराला पाच कमी असताना पुडा मांडवात पोचला. साखरपुडा झकास झाला. उशीर का झाला विचारल्यावर महिपत "ट्रॅफिक" म्हणाला. शकूने मात्र सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं.

मग नवरी, नम्रता, पेढ्यांचं ताट घेऊन मामांसमोर आली. महिपतने हात पुढे केला.

"हातात नको गो देऊ," शकू म्हणाली, "तूच भरव. ह्यांचा नेम नाय, घेतील नि गाडीला घालतील."