मोरिवाकी-सानचं वांगं

खुळ्.

मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा, खुळ्खुळ्खुळ्.

केतकीच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला. शनिवारची दुपार होती. जुई झोपली होती, जयेश कंपनीच्या कामासाठी आठवडाभर तोयोसुला गेला होता, आणि कोबेतल्या या चौथ्या मजल्यावरच्या घरात कित्येक दिवसांनी चहा गरम असताना कुणी काही मागत नव्हतं. ती आवाज न करता उठली.

जुई झोपलेली नव्हती. दारापाशी बूट काढायच्या जागेत ती मांडी घालून बसली होती. समोर बाबाचा मासेमारीचा डबा सताड उघडा. प्लॅस्टिकचे रंगीत खोटे मासे, खोटे बेडूक, खोट्या अळ्या. त्यातला एकेक लूर उचलून ती कानाशी नेऊन हलवत होती, बाजारात नारळ निवडावा तशी.

"जुई! गळ लागेल हाताला!"

"मी पाठीला धरते. बाबाने शिकवलंय." पाच वर्षांच्या जुईने वर बघितलंही नाही. "काल पाऊस पडला ना, म्हणजे पाणी गढूळ. गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही, ऐकू येतं. वाजणारा पाहिजे."

"कशाला पाहिजे?"

"उद्या रविवार. आपण दोघी तळ्यावर जायचं. लाडूला पकडायला. बाबा यायच्या आत."

केतकी तिथेच पायरीवर बसली. चहा गार झाला.

लाडू म्हणजे गोल्डफिश. उन्हाळ्याच्या जत्रेत कागदाच्या जाळीने जुईने स्वतः पकडलेला, केशरी, गोल गरगरीत. ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो काचेच्या भांड्यात उलटा तरंगत होता. जयेश ऑफिसला गेलेला, जुई अंथरुणात. केतकीने घाईघाईने भाजीच्या डावाने बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत खड्डा खणला आणि लाडूला त्यात ठेवलं. मग जयेशला मेसेज केला, 'लाडू गेला. जुईला तळ्यात सोडला असं सांगतेय. सांभाळून घे.'

जयेशने सांभाळून घेतलं, पण जरा जास्तच. रात्री जेवताना केतकी म्हणाली, "अरे, लाडू मोठा झाला ना, म्हणून मी त्याला तळ्यात सोडून आले." त्यावर नुसतं 'बरं केलंस' म्हणून आमटी ओरपायची, तर हा खुर्चीवरून उठलाच. "काय सांगतेस! आपला लाडू? तळ्यात? मी रविवारी जाऊन बघून येतो हं त्याला!" जुईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मुकाट्याने भात संपवला.

बोलून बसल्यावर जाणं भाग होतं. जयेश रविवारी सायकलवरून शेतांमधल्या तळ्यावर गेला. काठावर ऑफिसातला एक जण ब्लॅक बास पकडत उभा होता. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि तिथेच सोडून द्यायचा, असा तो खेळ. त्याने सहज आपली काठी जयेशच्या हातात दिली, आणि त्या दिवशी गळाला लागला तो जयेश. त्यानंतरचे आठ महिने एक रविवार चुकला नव्हता. घरी आला की जुईला सांगायचा, "आज लांबून दिसला लाडू. पण हाती नाही लागला." यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं असायचं. त्याच्या हाती आजवर काहीच लागलं नव्हतं.

आता जुईला नाही म्हणावं, तर बाबाने "एकदा नेईन" असं कबूल केलं होतं. बरं न्यावं, आणि मासा लागला तर? जो कुठला मासा वर येईल, तो लाडू नसेल. मग लाडू कुठेय? मग कढीपत्ता. केतकीला त्या कुंडीकडे बघवेना. एकच सुटका होती. तळ्यावर जायचं, तासभर उभं राहायचं आणि हात हलवत परत यायचं.

जयेशच्या डब्यात बेचाळीस लूर होते. एकालाही कधी मासा लागला नव्हता. पण दोष लूरचा की जयेशचा, हे सिद्ध झालेलं नव्हतं. गळ कापून टाकावेत, तर जुईला प्रत्येक लूरचे गळ पाठ.

संध्याकाळी केतकी जुईला घेऊन स्टेशनमागच्या मासेमारीच्या दुकानात गेली. मालक मोरिवाकी-सान सत्तरीचे, अंगावर खिसेच खिसे असलेलं जाकीट. जुई रबरी अळ्यांच्या पाकिटांत गुंतल्याचं बघून केतकी काउंटरवर वाकली आणि तिला जमेल तितक्या शुद्ध जपानीत हळूच म्हणाली, "मला असा लूर हवाय, ज्याला मासा लागणार नाही."

"ज्याला मासा लागेल असा," मोरिवाकी-साननी सौम्यपणे दुरुस्ती केली.

"नाही. न लागणारा."

मोरिवाकी-साननी दातांतून लांब श्वास आत ओढला. "तुम्ही जयेश-सानच्या मिसेस ना?"

"हो."

"त्यांना मी दर वेळी लागणारेच देतो हो," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "तुम्हाला लूरबद्दल तक्रार..."

"तक्रार नाही!" केतकीने मागे वळून बघितलं आणि सगळं सांगितलं. जत्रा, भाजीचा डाव, कुंडी, तळं. मोरिवाकी-सान डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या नातवाचं कासव ओकिनावाला राहायला गेलंय. बारा वर्षं झाली. नातू आता कॉलेजात आहे. अजून नवीन वर्षाला त्याची खुशाली विचारतो."

"मग तुम्ही काय सांगता?"

"हवा मानवलीय म्हणतो."

ते आत गेले आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. लाकडी, जांभळं, बुटकं, फुगीर. केतकीला वाटलं, भरून करायला अगदी बेताचं वांगं आहे.

"चाळिशीत मी स्वतः कोरलेला. एकतीस वर्षं सगळ्या ऋतूंत टाकून बघितला. कधीही, काहीही नाही." ते मान खाली घालून म्हणाले, "याची मी खात्री देतो." जपानी दुकानदाराने खात्री दिली, म्हणजे विषय संपला. केतकीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

जुईने मात्र घरी येताना लूर कानाशी हलवून बघितला. "हा वाजत नाही. आणि लाडूला वांगं आवडत नाही."

"तुला काय माहीत?"

"मला आवडत नाही."

रविवारी सकाळी दोघी सायकलवरून तळ्यावर पोचल्या. भाताची लावणी नुकतीच झाली होती, आणि बेडूक एकमेकांना काहीतरी समजावून सांगत होते. काठावर घडीच्या स्टुलावर खुद्द मोरिवाकी-सान बसले होते.

"दुकान?" केतकीने विचारलं.

"तासभर बंद ठेवलंय. खात्री दिलीय ना मी," ते उठून वाकून म्हणाले. "झोप लागली नाही."

केतकीने आयुष्यात पहिल्यांदा मासेमारीची काठी फिरवली. पहिल्या फेकीला वांगं मागच्या झुडपात अडकलं. दुसऱ्या फेकीला तिच्या टोपीत.

"आई, बाबा लांब टाकतो. मधोमध."

"बाबाचे हात लांब आहेत."

तिसऱ्या वेळी वांगं कसंबसं पाण्यात पडलं, काठापासून दोन पावलांवर. डुबुक्! तिथेच ते तरंगत राहिलं. केतकीने ते तसंच राहू दिलं. जितकं जवळ, तितकं बरं. मोरिवाकी-साननीही समाधानाने मान हलवली आणि थर्मासचं झाकण उघडलं.

पाणी फुटलं.

पाण्याखालून कुणीतरी बादली उपडी करावी तसा आवाज झाला आणि वांगं नाहीसं झालं. काठी अर्धी वाकली.

"घे तुझी काठी!" केतकी मराठीत ओरडली, कुणाला ते तिलाही कळलं नाही. "नको! मला नकोय! सोड!"

"सोडू नका!" मोरिवाकी-सान जपानीत ओरडले. थर्मास गवतात लवंडला. "दोरी ढिली सोडू नका! काठी वर! अहो, एकतीस वर्षं!"

"आई, धर! आई, गानबात्ते!" जुई तिला धीर देत तिच्या कंबरेला लटकली.

मोरिवाकी-सान बुटांसकट पाण्यात उतरले आणि त्यांनी माशाचा खालचा ओठ चिमटीत धरून त्याला वर उचललं. हिरवा-काळा, कडेने पट्टा, केतकीच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. "मोठे मासे काठालाच असतात," ते धापा टाकत म्हणाले. "जयेश-सानना हे मी शंभरदा सांगितलं." आणि मग त्यांनी माशाच्या तोंडातलं आपलं जांभळं वांगं बघितलं. माशाला वाकून नमस्कार करायचा त्यांना मोह झाला, पण हात गुंतले होते, म्हणून त्यांनी नुसती मान लववली.

केतकीने जुईकडे बघितलं. आता एकच वाट होती, खोटं रेटून न्यायचं. "बघ," ती म्हणाली, "लाडू केवढा झाला!"

जुईने हात ओले करून माशाच्या पाठीवर ठेवला. बराच वेळ त्याच्या डोळ्यात बघितलं. मग ती म्हणाली, "फोटो काढ. बाबाला पाठव. लिही, लाडू सापडला." केतकीने फोटो काढून पाठवला, आणि मोरिवाकी-साननी गळ सोडवून मासा पाण्यात धरला. शेपटी हलली, आणि तो गेला.

दुपारी केतकी कढीपत्त्याला पाणी घालत होती. जुई शेजारी येऊन उकिडवी बसली आणि तिने कुंडीच्या काठावर बोट ठेवलं.

"आई, हळू घाल. लाडूच्या अंगावर पडेल."

केतकीच्या हातातली झारी तिरकीच राहिली.

"मी बघितलं होतं. तू डावाने खणत होतीस. रडत पण होतीस."

"मग... मग तू इतके दिवस बोलली का नाहीस, राणी?"

"बाबाला कळलं असतं ना!" जुई दबक्या आवाजात म्हणाली. "त्याला रडू येऊ नये म्हणून तू तळ्यात सोडला सांगितलंस. मग मीपण नाही सांगितलं. पण तो दर रविवारी शोधायलाच जायला लागला. सापडतच नव्हता. म्हणून म्हटलं, आपण एक मोठा मासा पकडू, फोटो पाठवू. म्हणजे त्याला वाटेल, लाडू सापडला, छान आहे. मग तो रविवारी घरी राहील. आपण बागेत जाऊ."

केतकीने झारी खाली ठेवली आणि तिला जवळ ओढलं. केसांना तळ्याचा वास येत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"केतकी!" जयेशचा आवाज बाल्कनीभर झाला. "तो फोटो खरा आहे? तू पकडलास? तू? कुठल्या लूरने?"

"वांग्याने."

"काय?"

"मोरिवाकी-सानचा आहे. जांभळा. काठाला टाकला होता."

"काठाला! आठ महिने मी मधोमध... हे बघ, तो लूर परत करू नकोस. हात जोडतो. पुढच्या रविवारी पहाटे पाचलाच निघतो मी. डबा करून दे हं."

फोन बंद झाला. जुईने सगळं ऐकलं होतं. कपाळाला आठी घालून ती कढीपत्त्याकडे बघत राहिली, मग आईकडे वळली.

"आई, लाडू तर सापडला ना आता? मग बाबा अजून काय शोधतोय?"