रामटेके काकाजींचा रेकॉर्डांचा निकाल

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी नऊ वाजता रामटेके काकाजी लग्नातला कोट चढवायचे, टाय बांधायचे आणि अंगणातल्या स्टुलावर उभे राहून सालभरातल्या रेकॉर्डांचा निकाल वाचायचे. हो, निकालच. शाळेत लागतो तसा. काकाजी नागपुरात आमच्या पाचपावलीतल्या एका शाळेत हेडक्लार्क. सारा जन्म मार्कलिस्टा लिहिण्यात गेलेला, तेव्हा नव्या एल.पी. रेकॉर्डांकडेही ते त्याच नजरेने बघत.

"बासरी. पाचपैकी पाच. प्रथम क्रमांक," असं खणखणीत वाचत. मग द्वितीय, तृतीय, उत्तेजनार्थ. एका मोठ्या गवयाच्या रेकॉर्डला त्यांनी "दुसऱ्या बाजूस लक्ष नाही, पालकांनी भेटावे" असा शेरा दिला होता. एका गझलेच्या रेकॉर्डला, "हुशार आहे, पण रडकी." नापास झालेल्यांची नावं मात्र ते वाचत नसत. लेकरांचा असा चारचौघांत पाणउतारा करू नये, म्हणायचे.

त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डी जेमतेम आठ-दहा. पण बर्डीच्या बाजारातल्या रेकॉर्डवाल्याच्या दुकानातल्या साऱ्या पाट्या काकाजींच्या वळणदार अक्षरात रंगवलेल्या. त्या बदल्यात शनिवारी नवी रेकॉर्ड घरी आणायची, सोमवारी परत. रविवारी दुपारी ती ऐकायची. दोन्ही बाजू, मध्ये चहा नाही, बोलणं नाही, दार लोटलेलं. कोणी एखादं गाणं अर्धवट ऐकून नावं ठेवली की काकाजी हात वर करत, "पूर्ण ऐक न गा, मंग बोल." हे ते रेकॉर्डबद्दलही म्हणत आणि नळावरच्या भांडणातही.

आणि माणूस चुकत नसे हो! ज्या सतारीच्या रेकॉर्डला दुकानात कुत्रं विचारत नव्हतं, तिला काकाजींनी पहिला नंबर दिला आणि होळीपर्यंत ती आमच्या मोहल्ल्यात चार घरी वाजायला लागली. मी शाळेत गाणं शिकवणारी. गाण्याच्या दोन परीक्षा पास झालेली, आणि त्याचा ताठाही भरपूर. पण काकाजींच्या कानापुढे मीसुद्धा मान तुकवली होती.

मग एका साली काय झालं कोण जाणे. पहिला नंबर ढोलताशांच्या रेकॉर्डला. दुसरा लग्नाच्या बँडला. तिसरा नगाऱ्याला. आणि ज्या ठुमरीच्या रेकॉर्डने साऱ्या नागपूरला वेड लावलं होतं, ती यादीतच नाही. लोक पोट धरून हसले. कोपऱ्यावरच्या शिंप्याने, तो आमच्या गल्लीचा नकल्या, विचारलंसुद्धा की काकाजी, कानात सरकी गेली का? काकाजी टाय सैल करत आत गेले. पुढच्या सालीही तेच. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसणारी मी होते. खोटं कशाला सांगू.

त्यांच्या बायकोचा, शेवंताकाकूंचाही मला राग आला होता. आधी कुंपणावरून तास तास बोलायची ही बाई. आता हाक मारली तरी वळून बघेना. निकालाच्या दिवशी तर नेहमीच आत, चहाच्या पातेल्यापाशी. मी म्हटलं, शिष्ट झाली.

तिसऱ्या साली, निकालाच्या आधीच्या रविवारी, मी तणतणत त्यांच्याकडे गेले. त्या साली एका बाईच्या भजनांची फार गोड रेकॉर्ड आली होती. तिच्यावर अन्याय होऊ द्यायचा नाही, असं ठरवूनच मी दार ढकललं, आणि उंबऱ्यातच थांबले.

काकू रेडिओग्रामपुढे पाटावर बसल्या होत्या. दोन्ही तळवे त्या लाकडी पेटीवर टेकलेले, डोळे मिटलेले. तीच भजनांची रेकॉर्ड चालू होती. काकूंनी बराच वेळ वाट पाहिली आणि एकच बोट वर केलं. शेजारी बसलेल्या काकाजींनी कागदावर एक मार्क लिहिला. मग त्यांनी ढोलाची रेकॉर्ड लावली. काकूंचा चेहरा असा खुलला म्हणता! पाचही बोटं वर. मी दोन हातांवरून हाक मारली, "काकू." त्या वळल्या नाहीत.

काकाजी मला अंगणात घेऊन आले.

"मले सूर कधीच कळला नाही वं, सुमन," ते म्हणाले. "इतकी वर्षं तिनं ऐकलं, मी नुसतं लिवलं. आता तिचे कान गेले. डाक्टर म्हणते, वापस येत नाहीत."

"मग आता तुम्हीच द्या ना मार्क."

"काहून? तिले काय सांगू, तू आता ऊठ म्हणून? लोक हसतात ते मले ऐकू येते, तिले येत नाही. चालते." ते बाहीचं बटण लावू लागले. "पण यंदा ती बाहेर बसतो म्हणून राहिली. लोकायचे चेहरे पाहाचे हायेत म्हणते. हसू तर दिसते न वं."

कोणाला सांगू नको, तिला कीव नको आहे, असं त्यांनी मला चारदा बजावलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे साऱ्या पाचपावलीला ठाऊक. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत.

रविवारी शाळेतून आणलेल्या लांब बाकावर काकू मधोमध बसल्या. जांभळं पातळ, दोन्ही हात बाजूला बाकावर टेकलेले. मी त्यांना खेटून बसले. काकाजी कोट घालून स्टुलावर चढले. आवाज नेहमीचा, खणखणीत.

"प्रथम क्रमांक. ढोल. पाचपैकी पाच."

काकू एकेक चेहरा बघू लागल्या. समोर शिंप्याने तोंड उघडलंच होतं. मला टाळी वाजवायची होती, पण हात आपोआप खाली गेला आणि मी बाकावर थाप मारली. मग दुसरी. मग सरळ ठेकाच धरला. दोन परीक्षा पास झालेली, गेल्या साली खिदळणारी बाईच ठेका धरते म्हटल्यावर शिंपी गोंधळला. काहीतरी असेल बुवा ढोलात, असं वाटून त्यानेही पुढे होऊन बाकाच्या टोकाला थाप दिली. मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता सगळा बाक वाजायला लागला.

काकूंचे तळवे लाकडावर होते. त्यांनी डोळे मिटले. काकाजींना दुसरा क्रमांक काही वाचता येईना. आणि मी रडत होते, चक्क रडत होते, त्यात माझी लय कुठल्या कुठे गेली.

काकूंनी डोळे उघडले, माझ्याकडे वळल्या आणि चार बोटं वर केली.

"हालला वं तुझा ठेका," त्या म्हणाल्या.

काकाजींनी खिशातून पेन काढलं आणि स्टुलावर उभ्या उभ्याच तेही निकालात लिहून घेतलं.