अकरा गळे, एक ठुशी

आप्पासाहेब पेंटरांच्या नावात साहेब होता, पण घरात साहेबी चालायची ती चांगुणाबाईंची. त्यामुळे "दसऱ्यापासून पुढची खोली मोबाईल दुरुस्तीवाल्याला द्यायची," असं त्या म्हणाल्या, तेव्हा घरातल्या कुणालाही ती सूचना वाटली नाही. तो निकाल होता.

खरं तर बाईंचंही चुकत नव्हतं. पाथर्डीच्या बाजारामागच्या गल्लीतली ही खोली एकेकाळी दिवसभर टर्पेंटाइनच्या वासानं घमघमायची. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाघाची तोंडं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं आप्पासाहेबांच्या हातचं. मग फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. उरलं एकच काम, वारलेल्या माणसांची तैलचित्रं. लोक आधार कार्डावरचा अंगठ्याएवढा फोटो आणून द्यायचे आणि आप्पासाहेब त्यातून हातभर माणूस उभा करायचे. पण आता तेही काम कॉम्प्युटरवाले अर्ध्या तासात उरकत होते.

"सा म्हैने झाले, खोलीत फकस्त डबे बसून हायेत," चांगुणाबाई म्हणाल्या. "डब्यांचं वय झालंय, तुमचंबी झालंय."

त्यांची लेक धनश्री नगरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिनं बापाची बाजू घेतली. "आई, आपण आप्पांचं वेबसाईटवर एक पान करू. हल्ली लोक ऑर्डर देऊन हातानं काढलेली चित्रं करून घेतात. पुण्या-मुंबईचे लोक तर शोधत असतात."

"शोधू दे. दसऱ्यापातूर त्या पानावरनं एक जरी गिऱ्हाईक आलं, तरी खोली तुज्या आप्पाची. न्हाई आलं, तर मोबाईलवाल्याची."

धनश्री कामाला लागली. आप्पासाहेबांना एक चांगली सवय होती. चित्र गिऱ्हाइकाला देण्याआधी ते मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवत. त्यातली अकरा चित्रं धनश्रीनं निवडली, सगळी बायकांची. पुरुषही होते, पण ते टोपीखालून असे रागानं बघत होते की गिऱ्हाईक पानावरूनच परत गेलं असतं. मग तिनं मजकूर लिहायला घेतला. 'फोटो कसाही असो, हवे ते बदल करून मिळतील.'

हे वाचून आप्पासाहेब उसळले. "बदल? मी काय शिंपी हाय व्हय, कंबर कमी करून द्यायला? पुस ते. लिही, जसं मानूस तसं चित्र. हुबेहूब. केसाचाबी फरक न्हाई."

"आप्पा, पण लोकांना थोडं..."

"हुबेहूब!"

धनश्रीनं लिहिलं. ठळक अक्षरांत लिहिलं. आणि पान आईच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकून दिलं. बचत गटाच्या बायकांनी ते माहेरी पाठवलं, माहेरच्यांनी नणंदांना पाठवलं. तालुक्यात पाण्याचा टँकर पोचत नाही अशा वाड्या आहेत, पण बायकांचा ग्रुप पोचत नाही अशी एक नाही.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. "आप्पासाहेब पेंटर का? मी पंकजा, खर्ड्याहून बोलतीय. भागूबाईची लेक. तुमच्या पानावर आईचं चित्र बघितलं."

"मग? कसं वाटलं?"

"लई झ्याक. पन मला सांगा, जसं हुतं तसंच काढलंय ना?"

"हुबेहूब, ताई! केसाचाबी फरक न्हाई!"

"बरं झालं, तुमच्या तोंडूनच ऐकलं. उद्या दुपारी येतो आमी."

आप्पासाहेबांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी छाती काढून उभे राहिले. "गिऱ्हाईक! खर्ड्याहून! आमी म्हनाली, म्हंजे बरेच जन हायेत." दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनी पोहे भिजवले. पाव्हण्यांना पोहे म्हणजे त्यांच्या लेखी अर्धा पराभव होता.

दुपारी जीप आली. तीतून पंकजा उतरली, तिच्या दोन जावा उतरल्या आणि सर्वांत शेवटी, पोलिसांनी गाडीत घालून आणावा तसा, तिचा थोरला भाऊ राम उतरला. त्याला वाटेतल्या गावातून उचलला होता. नेमका त्याच वेळी मोबाईल दुरुस्तीवाला हर्षल खोलीचं माप घ्यायला टेप घेऊन आला होता. गर्दी बघून तो टेप तसाच हातात धरून कोपऱ्यात उभा राहिला.

पंकजानं बसायच्या आधीच मोबाईल पुढं केला. "हे बगा. आईच्या गळ्यात काय हाय?"

"ठुशी," आप्पासाहेब कौतुकानं म्हणाले.

"ऐकलंस दादा? ठुशी!" पंकजा भावावर उलटली. "आई गेली तवा ह्यो मला काय म्हनला? आईच्या अंगावर गुंजभर सोनं न्हाई. अन् घरातल्या चित्रावर चंदनाचा ह्यो जाड हार घातलाय, हनुवटीच्या खाली काय दिसतच न्हाई! दोन वर्सं मी त्या हाराच्या पाया पडले. खाली माझी ठुशी हुती!"

आप्पासाहेबांचं कौतुक तिथंच थांबलं. कारण पंकजाच्या पाठीमागे राम दोन्ही हात जोडून उभा होता, आणि आता आप्पासाहेबांना दोन वर्षांपूर्वीचा राम आठवला. असेच हात जोडून तो म्हणाला होता, 'एक ठुशी घाला चित्रात, पन कुनाला बोलू नका.' खरं सांगावं तर रामचं गुपित जात होतं आणि जाता जाता हुबेहूबही घेऊन जात होतं. गप्प बसावं तर राम बहिणीचा वाटा गिळणारा ठरत होता.

"ताई, आता ठुशी म्हंजे... रंगामंदी जरा..."

"काल फोनवर काय म्हनलात? अन् हितं लिवलंय काय? वाचून दाखवू?"

वाचून दाखवायची गरज पडली नाही, कारण तेवढ्यात दारातून दुसरा मोबाईल आत आला आणि त्याच्यामागून अश्विनी आली. ही पुढच्याच गल्लीतली. तिच्या सासूचं, गोजरबाईचं चित्र पानावर भागूबाईच्या शेजारी होतं.

"तीच ती!" अश्विनीनं दारातूनच आरोळी ठोकली. "आमच्या सासूबाईंची ठुशी धा वर्सांमागं यात्रंत गळ्यातनं गेली. अख्खं घर हुडकत हुतं. आज सापडली. कुनाच्या गळ्यात? तर ह्या भागूबाईच्या!"

आतापर्यंत ठुशीतला वाटा मागणारी पंकजा क्षणात अख्ख्या ठुशीसाठी अश्विनीच्या अंगावर धावून गेली. "ए, तोंड सांभाळ! माझी आई चोर? तिनं कधी दुसऱ्याच्या बांधावरचं बोर उचललं न्हाई!"

"मग दोन्ही ठुश्या येकसारख्या कशा?"

"सोनारानं केल्या असतील! आईची ठुशी तिची सोताची हुती. सांग की रं दादा!"

राम छताकडे बघू लागला. छताला सांगण्यासारखं काही नव्हतं. दारात गल्ली जमली. पोह्यांची ताटली हातात घेऊन धनश्री मध्येच थांबली. दसरा चार दिवसांवर होता, आणि आप्पासाहेबांना दिसत होतं की खोली तर जातेच आहे, पण आता तिच्याबरोबर तालुक्यातली इज्जतही जाते आहे. उद्यापासून कुणी आपल्या मेलेल्या माणसाचा फोटो त्यांच्या हातात देणार नव्हतं.

"येक मिनिट द्या," कोपऱ्यातून हर्षल म्हणाला. तो कामाचा माणूस होता. त्यानं खिशातून मोबाईल दुरुस्तीचं भिंग काढून डोळ्याला लावलं, दोन्ही चित्रं बोटांनी मोठी केली आणि निरखत बसला. "डावीकडनं चौथा मनी चेपलाय. हिचाबी अन् तिचाबी."

"म्हंजे ठुशी येकच!" अश्विनी ओरडली.

"थांबा की. खाली ही साळूबाई हाय. हिचाबी चेपलाय." तो बोटानं पान सरकवत गेला. "हिचाबी. हिचाबी. आप्पा, अकराच्या अकरा!"

बायकांनी आपापल्या मोबाईलवर चौथा मणी शोधला. शेवटी पंकजाच्या धाकट्या जावेनं सगळ्यांच्या मनातली शंका विचारली. "म्हंजे समद्याजनी पाळीपाळीनं घालीत हुत्या का?"

तेव्हा आतून चांगुणाबाई आल्या. त्यांच्या हातात पावडरचा जुना डबा होता. त्यांनी तो उघडून जमिनीवर उपडा केला. आतून एक ठुशी पडली. पितळेची, हिरवी पडलेली, डावीकडून चौथा मणी चेपलेला.

"घ्या वाटून," त्या म्हणाल्या. "लगीन झालं त्या वर्सी ह्यांनी यात्रंतनं आनली. दोन धुण्यात काळी पडली. चौथा मनी हिनं चावलाय, दात येत हुते तवा." धनश्री लाजून ताटलीतले पोहे नीट करू लागली.

आप्पासाहेब खाली बघत बोलले. "आधार कार्डावरच्या फोटूत गळा न्हाई दिसत. लोक म्हनतात, ठुशी घाला. कुनाची खरीच हुती, कुनाची नव्हती. पन ठुशी म्हनलं की माझ्या डोळ्यांपुढं हीच येती. दुसरी कुठली ठुशी मी इतक्या जवळनं बघितलीच न्हाई."

चांगुणाबाईंनी डबा उचलून त्याचं झाकण लावायला फार वेळ घेतला.

अश्विनीनं मोबाईल हळूच पदराखाली सारला. पंकजा भावाकडे बघत राहिली. "दादा, नव्हतीच ना ठुशी? मग कशाला घातलीस?"

राम पहिल्यांदाच बोलला. "दरसाल कोपरगावाकडं ऊस तोडायला जायाची ती. सालटी निघायची हाताची. तुज्या लग्नात तिच्या गळ्यात धड मनी नव्हते, फोटूत पदर घट्ट धरून उभी हाय. म्हनलं, भितीवर तरी सजू दे. मग वाटलं, लोक हसतील, ह्यांच्याकडं कुठलं सोनं. म्हनून वरनं हार घातला."

पंकजाला रडू फुटलं. सोन्यासाठी आलेली बाई सोनं नाही म्हणून रडत नव्हती, हे सगळ्या गल्लीला कळलं. तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि भावाच्या दंडावर एक चापट मारली.

"मग येकली ठुशीच? पाटल्या न्हाई, नथ न्हाई, बोरमाळ न्हाई! फुकटचं सोनं, त्यातबी चिकटपना केलास!" गल्ली खदखदून हसली. राम रडता रडता हसला. पंकजा आप्पासाहेबांकडे वळली. "आप्पा, मला आईचं दुसरं चित्र काढून द्या. माझ्या घरासाठी. समदं घाला. हार मी लावनार न्हाई."

"मलाबी," अश्विनी म्हणाली. "सासूबाईंचं न्हाई, माझंच. जित्तेपनीच बघून घेते मी कशी दिसते. ठुशी मातर नवी काढा, ह्या चेपक्या मन्याची नको."

चांगुणाबाईंनी हर्षलच्या हातातल्या टेपकडे बघितलं. "ह्या बाया पानावरनंच आल्या ना?"

"व्हय काकू," हर्षल म्हणाला.

"मग गुंडाळा तो टेप. अन् पोहे खाऊन जावा."

त्याच संध्याकाळी धनश्रीनं पानावरचं 'हुबेहूब' पुसलं आणि लिहिलं, 'तुमच्या माणसाला जे घालायचं राहून गेलं, ते चित्रात घालून मिळेल.' आप्पासाहेबांनी वाचलं आणि या वेळी ते उसळले नाहीत. दसऱ्याला खोलीच्या दाराला झेंडूचं तोरण लागलं. आत पाच चित्रांचं काम चालू होतं आणि नगरहून दोन फोन येऊन गेले होते.

सहावं चित्र मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. आप्पासाहेबांनी चांगुणाबाईंना स्टुलावर बसवलं, चष्मा पुसला आणि रंग कालवत हळूच विचारलं, "ठुशी घालू का?"

"ती नको. ती आता तालुक्याची झाली."

"मग दुसरी? आता तर म्या पुस्तकात बघून..."

"काय नको. हाय तसा गळा काढा. खरी आनाल, तवा भरा."

ते चित्र आता खोलीत शिरल्याबरोबर समोर दिसतं. गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे बघतं, मग त्याला पानावरचे ते सोन्यानं भरलेले गळे आठवतात आणि ते न राहवून विचारतं, "पेंटर, समद्या तालुक्याला नटवता अन् वहिनींचा गळा येवढा मोकळा?"

आप्पासाहेब खाली मान घालून ब्रश धुतात. उत्तर आतून, स्वयंपाकघरातून येतं.

"हुबेहूब हाय ते!"