दाजी मेस्त्री आणि उपाशी पंप

आमच्या लालबागच्या चाळीत मुलगी पाहायला आलेल्या एका नवरदेवाच्या बरगडीला दाजी मेस्त्रीने हातभर लांब स्क्रूड्रायव्हर लावला, त्याची मूठ आपल्या कानामागच्या हाडावर टेकवली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "एक सिलिंडर मिस मारता हा." नवरदेव आल्या पावली परत गेला. पुढे त्याला जुना दमा असल्याचं कळलं, तेव्हा मुलीच्या बापाने दाजीला पेढे आणून दिले.

तो स्क्रूड्रायव्हर कशाला लागत नसे? कलिंगडाला लागे, भिंतीवरच्या घड्याळाला लागे. नळाला पाणी येणार की नाही, हे दाजी थेट नळालाच विचारून सांगे. माणसांना मात्र तो बोलूच देत नसे. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं आणि "काय झालं की मेस्त्री..." एवढं म्हणालं, की हा ओरडे, "गप ऱव! तिका बोलांदे!" 'ती' म्हणजे गाडी. माझ्या मते हा माणूस पक्का उर्मट होता. तसं मी त्याच्या पाठीमागे दोन हातांवरून अनेकदा बोललोही होतो. पठ्ठ्याने कधी वळून पाहिलं नाही.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमच्या विभागाचा मी चिटणीस, म्हणजे सतरंज्या, कर्णे आणि लोकांच्या शिव्या या तिन्ही गोष्टी माझ्या ताब्यात. फेऱ्यांसाठी प्रभादेवीच्या नाना मंडपवाल्याने आपली पिकअप दिली होती. मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबाकडून घेतलेली ती गाडी पॉवर स्टीअरिंगची होती. तिचं चाक नाना करंगळीने फिरवून दाखवायचा आणि बघणाऱ्याला तोंडात बोट घालावं लागायचं.

पण दसऱ्यापासून ती गाडी वळताना रडायला लागली. मागच्या फेरीत कर्ण्यातून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" एवढं बाहेर पडलं आणि नेमकं परळचं वळण आलं. "झालाच पाहिजे"च्या जागी आख्ख्या परळने "कुंईंईंईं" ऐकलं. पोलिसांची गाडी आली समजून दुकानदारांनी भराभर फळ्या लावल्या.

आता येत्या रविवारी लालबागहून शिवाजी पार्कावर मोर्चा जायचा होता आणि वाटेत याच गाडीवरून कुसुम पोवाडा गाणार होती. कुसुम म्हणजे दाजीची आईवेगळी एकुलती एक पोर. आवाज असा की चाळीत ती गायला लागली की भांडणं थांबायची. मी दाजीला बजावलं, "शनिवारी संध्याकाळपर्यंत गाडी गप झाली नाही, तर दुसऱ्या विभागाची गाडी येईल. गाडी त्यांची तर शाहीरही त्यांचाच. कुसुम घरी बसेल." माझ्या तोंडाकडे टक लावून त्याने सगळं पाहून घेतलं आणि म्हणाला, "झाला? आता गप ऱव."

शनिवारी नाना म्हणाला, बेअरिंग गेलं. मी म्हणालो, पट्टा सैल आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण चिटणिसाला मत हवंच. दाजीने इंजिन चालू करायला लावलं, चाक फिरवायला लावलं आणि स्टीअरिंगच्या पंपावर स्क्रूड्रायव्हर टेकवला.

"उपाशी आसा बिचारी," तो म्हणाला.

त्याने पंपावरच्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडलं. आत तेलाला सोलकढीसारखा गुलाबी फेस. दाजीने तळाशी बोटं घातली आणि चिमूटभर तांदूळ वर काढले.

"पंपाक नैवेद्य कोणी दाखवलो?"

नाना म्हणाला, "आईने. गाडीची शक्ती या डब्यात असते, असं मीच तिला सांगितलं होतं. दसऱ्याला तिने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलंच नाही. झाकण उघडून आत वाहिलं. अक्षतांसकट."

त्या अक्षता आतल्या जाळीत अडकल्या होत्या. पंपाला तेल पोचेना, म्हणून तो वारा ओढत होता आणि रडत होता. दाजीने तेल उपसलं, जाळी रॉकेलने धुतली, नवं तेल भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून तो नानाला स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगत राहिला. डब्यातले बुडबुडे संपेपर्यंत नानाच्या करंगळीचं काय, दोन्ही दंडांचं पाणी झालं. पण गाडी गप झाली.

आनंदाच्या भरात नानाने जोरात हॉर्न दाबला. मी टुणकन उडालो. त्याच हॉर्नपुढे पाठमोरा उभा असलेला दाजी शांतपणे हात पुसत होता.

मी त्याच्यासमोर गेलो. "दाजी, तुला ऐकू येत नाही?"

त्याने आधी नाना लांब आहे ना ते पाहिलं. "गोदीतल्या स्फोटात पडदे गेले. आता हाडातसून येता तेवढाच. कोणाक सांगा नको. बहिऱ्या मेस्त्रीकडे आवाजाची गाडी कोण आणतलो?"

"आणि कुसुमचं गाणं?"

"ता स्फोटानंतरचा पोर. पाळण्यात असताना एकदा ह्यो तिच्या कपाळाक लावलंय. किंचाळला. तेवढाच काय ता ऐकलंय." स्क्रूड्रायव्हर त्याने कमरेला खोचला. "मगे परत धीर झालो नाय."

माझ्या शिव्या त्याला कधी ऐकू गेल्या नव्हत्या याचं मला आधी बरं वाटलं आणि मग फारच वाईट वाटलं.

रविवारी गाडीत नाना चालवायला, मी मध्ये, दाजी खिडकीशी. कर्णे आमच्या डोक्यावर टपाला बांधलेले. मागे उभ्या राहिलेल्या कुसुमने पहिला सूर लावला, तसं दाजीने स्क्रूड्रायव्हरचं टोक टपाच्या पत्र्याला लावलं, मूठ कानामागे टेकवली आणि डोळे मिटले.

परळचं वळण आलं. नानाने चाक फिरवलं. पंप गप. कुसुमची तान आख्खं वळण पार करून गेली. दाजीच्या पायाचा अंगठा तळाच्या पत्र्यावर बरोबर ठेका धरत होता आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी खाली येत होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी त्याचा खांदा हलवला.

त्याने डोळे उघडले नाहीत.

"गप ऱव," तो म्हणाला. "तिका बोलांदे."