गाडीचा तोल

हायवेवर शेजारून ट्रक गेला की दक्षाची छोटी गाडी डुलायची, आणि गाडीच्या आधी दक्षा डुलायची. लायसन्स हातात येऊन फार दिवस झाले नव्हते. मागे तीन वर्षांची निलू, आणि पुढे डाव्या हाताला सासूबाई बायजी. आरशात ट्रक दिसला की बायजी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड दाबून धरायच्या.

"डुलतेय गं, दक्षे!"

"वारा आहे, आई."

"वारा मला पण लागतो. मी डुलते का?"

दक्षाला एकच हवं होतं. तलासरीजवळच्या माहेरी एकदा तरी फक्त निलूला घेऊन जायचं, रस्ताभर सूचना न ऐकता. चारोटीजवळच्या त्यांच्या पाड्यापासून माहेर काही फार लांब नव्हतं. पण बायजींनी बजावलं होतं, "गाडी डुलायची थांबली, की जा एकटी. तोवर माझ्या नातीला तुझ्याबरोबर एकटीला सोडणार नाही मी."

दक्षा बी.कॉम. झालेली होती, आणि काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. निलू झोपली की ती मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत बसायची. रुंद टायर, कडक सस्पेन्शन, वजन जमिनीलगत. नवरा तुषार रुंद टायरला लगेच तयार झाला, कारण त्याला ते दिसायला आवडत होते.

चारोटीच्या नाक्यावर चिमणभाईचं गाडीच्या सामानाचं दुकान होतं. "बेन, रुंद टायर म्हणजे काय?" चिमणभाई म्हणाला, "भिंतीवर पाल. चिकटून राहणार."

टायर चिकटले खरे, पण रस्त्यापेक्षा मडगार्डला. वळणावर असा खर्रकन आवाज यायचा, की निलू कानांवर हात ठेवायची.

"मग गाडी उचलू," चिमणभाई म्हणाला. "स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकू. घासणार नाही."

"उंच झाली तर आणखी डुलेल ना?"

"म्हणून तर बफर कडक टाकायचे, बेन."

गाडी उंच झाली, कडक झाली. आता प्रत्येक खड्डा थेट मणक्यात यायचा, निलूचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी ऐकू यायचं, आणि वारा शेजारून लागत होता तो खालूनही लागायला लागला.

"आता वजन कमी पडतंय," चिमणभाईनं निदान केलं.

"कुणाचं?" दक्षानं विचारलं.

"गाडीचं, बेन! तुमचं मी कसं बोलेन?"

वजनाचा प्रश्न तुषारनं घरच्या घरी सोडवला. माळ्यावरची भाताची दोन पोती त्यानं डिकीत आणून टाकली. गाडी मागून खाली बसली, बफरही मवाळ झाले. पुढची चाचणी बायजींनी हात मांडीवर ठेवून पार पाडली.

"जा," त्या म्हणाल्या. "पण पोती तशीच्या तशी परत आण. बियाण्याचं भात आहे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षा निघाली. वाटेतल्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या देवळाला तिनं मनातल्या मनात हात जोडले, कारण खरे हात स्टिअरिंगवरून काढायची तिची तयारी नव्हती. एक भला मोठा कंटेनर घरघरत शेजारून गेला. गाडी जराही डुलली नाही. इतकं शांत दक्षाला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

ती शांतता माहेरच्या अंगणापर्यंत टिकली. बॅग काढायला म्हणून भाऊ नितीननं डिकी उघडली आणि तो ओरडलाच, "आये, बघ गं! ताईच्या सासरहून दोन पोती भात आलंय!"

दक्षा निलूचा पट्टा सोडवेपर्यंत एक पोतं नितीनच्या पाठीवर होतं आणि दुसरं शेजाऱ्याच्या. सासरहून आलेल्या गाडीत भात असेल, तर ते कुणासाठी, हे या भागात कोणी विचारत नाही.

"आये, ते भात… गाडीसाठी आहे."

"गाडी भात खाते होय गं?" आई जिवली हसली, आणि मग तिनं पदर डोळ्यांना लावला. "लग्नात मानपानावरून तोंड फिरवून बसलेली तुझी सासू. केवढं मन मोठं झालं बाईचं!"

दक्षानं घरामागे जाऊन तुषारला फोन लावला.

"पोती उतरवली ह्यांनी."

"मग चढव परत."

"काय सांगून?"

"खरं ते सांग."

"तुम्हीच सांगा. देऊ आयेकडे फोन?"

तुषारच्या फोनची रेंज एकाएकी गेली.

दुपारपर्यंत नितीन दोन्ही पोती गिरणीत देऊनही आला. रिकामी गाडी घेऊन परत कसं जायचं, या विचारात दक्षा अंगणात उभी होती, तेवढ्यात जिवली ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. "मी पण येते. एवढं दिलंय, फोनवर आभार मानले तर बरं दिसेल का?" आणि ती पुढच्या सीटवर बसली.

पहिलाच ट्रक शेजारून गेला, तसा जिवलीनं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. "डुलतेय गं, बाई!"

घरी पोचल्यावर बायजी आधी डिकीकडे गेल्या. डिकीत आंब्यांची पाटी होती. त्या काही बोलणार, एवढ्यात जिवलीनं त्यांचे हात हातात घेतले. "विहीणबाई, दोन पोती! आजकाल कोण करतं एवढं?"

बायजींनी डिकीकडे पाहिलं, दक्षाकडे पाहिलं, मग तुषारकडे. तुषार वाकून टायर तपासत होता.

"त्यात काय एवढं," बायजी म्हणाल्या. "पोरीला रिकाम्या हातानं कशी पाठवायची?"

दक्षा चहा टाकायला आत गेली. मागोमाग बायजी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या कोसबाडच्या शेती केंद्रात बियाणं मिळतं का बघून ये."

"हो, आई."

"आणि यापुढे गाडीत वजन म्हणून मीच बसणार." बायजींचा आवाज चढला. "मला तरी कुणी उतरवून ठेवून घेणार नाही."

"काय म्हणता?" ओटीवरून जिवलीचा आवाज आला. "पुढच्या खेपेला याच तुम्ही, विहीणबाई! चांगले आठ दिवस ठेवून घेते. सोडणारच नाही!"

दक्षाचा हात साखरेच्या डब्यात थांबला. जाताना सासूबाई असतील. येताना मात्र गाडीत ती आणि निलू, दोघीच.

"खरंच चला, आई," ती म्हणाली, "या रविवारीच जाऊ."